कॅनॉलचा वारसा आणि कॅनॉलकडेची माणसं: सगळ्यांना सोबत घेऊन काम कसं करायचं

पुण्यात कर्वेनगरहून एरंडवण्याकडे येताना 'कॅनॉल रोड' लागतो. रिक्षावाल्याला एवढं नाव सांगितलं की तो बरोबर आणून सोडतो. "पण कॅनॉल कुठंय?" असं विचारलं की हसतो. मुठा नदीचा डावा कालवा होता तिथे, आता डांबर आहे. मागे राहिली ती पाटी.

उजवा कालवा मात्र अजून वाहतो. खडकवासल्यातून निघतो आणि वडगाव, हिंगणे, जनता वसाहत, पर्वती, स्वारगेट, रेसकोर्स, हडपसर असं करत शहराबाहेर पडतो. तिथून पुढे हवेली, दौंड, इंदापूर. सगळी लांबी दोनशे किलोमीटरच्या घरात. ज्या धरणातून तो निघतो ते १८७९ मध्ये पुरं झालं. फाइफ नावाच्या लष्करी इंजिनिअरने आखणी केली म्हणून जुन्या नकाशांत जलाशयाचं नाव 'लेक फाइफ' असं सापडतं. कॅम्पातल्या आणि खडकीतल्या पलटणींना पाणी आणि पुढच्या शेतीला पाणी, असा दुहेरी हेतू. दीडशे वर्षांत शहर या पाटाच्या दोन्ही अंगांना वाढलं आणि बहुतेकांनी त्याच्याकडे पाठ फिरवून घरं बांधली.

आता खडकवासला ते फुरसुंगी असा सुमारे अठ्ठावीस किलोमीटरचा बोगदा करून हे पाणी जमिनीखालून न्यायची योजना आहे. ती पुरी झाली की शहरातला उघडा कॅनॉल म्हणजे मोकळी पट्टी, आणि पुण्यात मोकळ्या पट्टीवर कुणाकुणाचा डोळा असतो हे पुणेकरांना शिकवायला नको. रस्ता म्हणणारे आहेत, सायकल ट्रॅक म्हणणारे आहेत, 'हेरिटेज वॉक' म्हणणारेही आहेत. यातल्या तिसऱ्या गटात मी मोडतो. म्हणून सांगतो, आमच्या बैठकांनाही तीच वीस-बावीस माणसं येतात. सगळे शिकलेले, सगळ्यांच्या घरी नळाला पाणी, आणि कॅनॉलपासून राहायला सगळे लांब.

हा लेख त्या वीस-बावीस जणांसाठी. कॅनॉलवर काही करायचं असेल तर ज्यांचा कॅनॉल आहे त्यांना कसं सोबत घ्यायचं, याची माझ्या चुकांतून तयार झालेली ही कृती. उदाहरणं उजव्या कालव्याची आहेत. पण छत्रपती संभाजीनगरात नहर-ए-अंबरीवर, म्हणजे तिथल्या जुन्या जमिनीखालच्या नहरावर, काम करणाऱ्यालाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

पायरी १. आधी एकट्याने तीन वेळा चाला

दीड-दोन किलोमीटरचा एकच तुकडा निवडा. अख्खा कालवा घेतलात तर काहीच हाती लागणार नाही. त्या तुकड्यावर तीन वेळा जा. एकदा आवर्तन सुरू असताना, म्हणजे पाणी सोडलेलं असताना. एकदा पाणी बंद असताना, तळ उघडा पडतो तेव्हा. आणि एकदा भल्या पहाटे.

तिन्ही वेळी वेगळा कॅनॉल दिसतो. पाणी असताना पोरं पुलावरून उड्या टाकत असतात. पाणी आटलं की तळाशी गाळ, निर्माल्याच्या पिशव्या, काच फुटलेल्या देवाच्या तसबिरी. पहाटे चालायला येणारे आजी-आजोबा, आणि त्यांच्या आधी येऊन गेलेल्या कचरावेचक बायका.

घटस्थापनेच्या आधीच्या आठवड्यात गेलात तर गोधड्या दिसतील. घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचं, तर एवढं पाणी वस्तीतल्या नळाला कुठलं? मग गाठोडी बांधून बायका कॅनॉलवर येतात. ओली गोधडी एकटीच्याने पिळत नाही. दोघी दोन टोकं धरतात, उलट्या दिशांनी पीळ देतात आणि मधून पाणी धारेने गळतं. मग कठड्यावर वाळत घालतात. तिथे उभं राहून एका मावशीने मला तिच्या गोधडीचे तुकडे वाचून दाखवले होते. हा नणंदेच्या लग्नातला, हा सासूबाईंच्या इरकलीचा, ही धाकट्याची शाळेची चड्डी. बोलता बोलता तिने बसल्या दगडावर हात आपटला, "हा आमचा दगड. सासूबाई इथंच बसायच्या." कुठल्याही यादीत त्या दगडाची नोंद नाही. मी तेव्हापासून वहीत एक वेगळं पान ठेवलंय, 'ज्याची नोंद नाही ते'.

या तीन फेऱ्यांत फोटो काढू नका. कालव्यात कपडे धुणं, पोहणं, कडेला टपरी लावणं ही सगळी नियमाबाहेरची कामं आहेत. तुमचा सुंदर फोटो उद्या कुणाच्या तरी विरुद्ध पुरावा होऊ शकतो. वही पुरे. लोक कशाला काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत लिहा. माझ्या तुकड्यावर 'मुठा उजवा कालवा' असं एकही माणूस म्हणत नाही. तरुण 'कॅनॉल' म्हणतात, म्हातारी माणसं 'पाट'. पुढे जो कागद छापाल, जी पाटी लावाल, तिच्यावर हेच शब्द यायला हवेत.

पायरी २. मालक कोण ते नीट समजून घ्या

कालवा महापालिकेचा नाही, जलसंपदा विभागाचा आहे, म्हणजे लोकांच्या तोंडचं 'पाटबंधारे'. इथेच निम्मे लोक चुकतात आणि नगरसेवकाकडे चकरा मारत बसतात. कडेचा रस्ता, दिवे, कचरा बहुतेक ठिकाणी महापालिकेकडे. पाणी, भिंती आणि सेवापथ (कालव्याला लागून असलेली देखभालीची वाट) पाटबंधाऱ्याकडे. काठावर कार्यक्रम करायचा तर पाटबंधारे उपविभागाकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि प्रत पोलीस चौकीला द्या. आवर्तन कधी सुरू, कधी बंद हेही तिथेच विचारा.

साहेबांना भेटून झालं की तिथल्या कालवा निरीक्षकाला आणि चौकीदारालाही भेटा. कुठली भिंत पाझरते, कुठे उंदरांनी पोखरलंय, कुठला दरवाजा अडकतो, हे त्यांना तोंडपाठ असतं. वारशाच्या कार्यक्रमाला या माणसांना कुणी बोलावत नाही. निवृत्त झालेला एखादा भेटला तर मग दुपार मोकळी ठेवा.

पायरी ३. माणसांची यादी घड्याळ लावून करा

'महिला, युवक, ज्येष्ठ नागरिक, दिव्यांग' असे रकाने पाडून यादी करायची सवय आपल्याला सरकारी अर्जांनी लावली. रकाने भरतात, पण माणसं सापडत नाहीत. त्याऐवजी पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत दर दोन तासांनी कॅनॉलवर कोण असतं ते लिहा. माझ्या यादीत अशी माणसं आली: कचरावेचक, चालायला येणारे, शाळेला कॅनॉलवरच्या पुलावरून जाणारी मुलं, धुणंवाल्या, दुपारी सावलीत झोपणारे गवंडी, मासे धरणारा एक काका, क्लासला दांडी मारलेली जोडपी, पावभाजीची गाडी, रात्री पुलावर बसणारी मंडळाची पोरं.

मग उलटं विचारा: कोण *दिसत नाही*? चाकाच्या खुर्चीवरचं माणूस मला एकदाही दिसलं नाही. म्हणजे त्या वस्तीत तशी माणसं नाहीत असं नव्हे. सेवापथावर चढायला उतार नाही. संध्याकाळी सातनंतर मुली दिसत नाहीत, कारण दिवे नाहीत. न दिसणाऱ्यांपर्यंत घरी जाऊनच पोचावं लागतं.

एक गट तर शहरात राहतच नाही. दौंड-इंदापूरचा शेतकरी. कालव्याच्या शेपटाला त्याचं रान आहे आणि पुण्याने जास्त पाणी उचललं की त्याची पाळी लांबते. दरवर्षी कालवा सल्लागार समितीत यावरून वादंग होतो. शहराच्या वारशाच्या गप्पांत त्याचं नाव नसतं, पण पाणी त्याच्याही हक्काचं आहे. त्याचं पुढे येईलच.

पायरी ४. 'सर्वे' हा शब्द उच्चारू नका

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा हातात पॅड, गळ्यात ओळखपत्र आणि तोंडात "आम्ही छोटासा सर्वे करतोय". अर्ध्या तासात गल्ली रिकामी. एका घराचं दार माझ्या तोंडावर बंद झालं ते अजून आठवतं. चूक माझी होती. कॅनॉलकडेच्या वस्तीत सर्वे म्हणजे घर मोजणार, क्रमांक टाकणार आणि एक दिवस पाडणार. यात गैरसमज काहीच नाही, अनुभव आहे.

तेव्हा आधी एक साधा कागद करा, मोठ्या अक्षरांत, एका पानाचा. आम्ही कोण. पैसे कोण देतंय. कॅनॉलच्या आठवणी आणि पुढे इथे काय व्हावं यावरची मतं गोळा करतोय. आणि त्याहून महत्त्वाचं: आम्ही घर मोजणार नाही, आधार-रेशनकार्ड मागणार नाही, कुणाचं नाव कुठल्या कचेरीत देणार नाही, आणि *घर मिळवून देऊ असंही आम्ही म्हणत नाही*. हे शेवटचं वाक्य लिहायला कार्यकर्ते कां-कूं करतात. लिहाच. नाहीतर तिसऱ्या बैठकीला लोक एसआरएची (झोपडपट्टी पुनर्वसनाची) फाइल घेऊन येतात आणि त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवताना तुम्हालाच लाज वाटते.

कागद घेऊन कुणामार्फत जायचं? सरळ उत्तर, मंडळाच्या अध्यक्षामार्फत. गणपती तेच बसवतात, जागा तेच देतात, त्यांना टाळून चालत नाही. पण फक्त त्यांच्यामार्फत गेलात तर त्यांच्या गल्लीतलीच माणसं येतील. म्हणून त्याच दिवशी बचत गटाच्या ताई, अंगणवाडी सेविका आणि आशाताई यांनाही भेटा. कचरावेचकांसाठी त्यांची संघटना आहे, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, १९९३ पासूनची. वस्तीत कानडी, तेलुगू, हिंदी बोलणारी घरं असतील तर तिथलीच एखादी दहावी-बारावीची मुलगी दुभाषी म्हणून घ्या आणि तिला मानधन द्या.

पायरी ५. बैठक: वेळ, जागा, आणि जमिनीवरचा नकाशा

रविवारी सकाळी अकरा ही आपल्या सोयीची वेळ. घरकामाला जाणाऱ्या बाईला रविवारी जास्त काम असतं. आम्ही विचारून ठरवलं तेव्हा उत्तर आलं, दुपारी अडीच ते चार. कामावरून आलेल्या, जेवलेल्या, आणि नळाला पाणी यायच्या आधी. पाण्याची वेळ आधी विचारा. नळ आला की बैठक संपली, मग व्यासपीठावर कुणीही असो.

सभागृह नको. लोकांना तिथे खुर्चीवर बसून ऐकायची सवय असते, बोलायची नसते. वस्तीतल्या देवळापुढचा किंवा बुद्धविहारापुढचा मोकळा चौक बरा. पण एक सावधगिरी. देवळापुढे बोलावलं की काही घरं येत नाहीत, विहारापुढे बोलावलं की दुसरी काही येत नाहीत, आणि दर्ग्याजवळचीही आपली वेगळी. एकाच जागी सगळी बैठक घ्यायचा हट्ट सोडा. दोन-तीन छोट्या बैठका घ्या. बायकांची एक निराळी घ्या, तिथे पुरुष कार्यकर्ता नको.

आता नकाशा. प्रोजेक्टरवरचा उपग्रह नकाशा लोक कौतुकाने बघतात आणि गप्प बसतात. आम्ही रांगोळी आणली. निळ्या रांगोळीने जमिनीवर कॅनॉलची लांब रेघ ओढली, दोन पूल काढले आणि बाजूला झालो. सुरुवातीला कुणी हात लावेना. मग एका पोराने "पूल चुकलाय" म्हणत चपलेने रांगोळी पुसली आणि अलीकडे काढला. तिथून बांध फुटला. कुणी टपरी काढली, कुणी पिंपळ. सार्वजनिक संडास पर्वतीच्या टेकडीपेक्षा मोठा काढला गेला आणि त्यावर कुणालाच हसू आलं नाही, कारण रोजच्या जगण्यात तो तेवढाच मोठा आहे. जुना नळकोंडाळा नेमका कुठे होता यावर दोन म्हाताऱ्यांचं भांडण जुंपलं. ते भांडण मिटवू नका. दोन्ही जागा खुणेने मांडा.

शेवटी तीन रंगांचे खडे द्या. जे राहावं असं वाटतं तिथे पांढरा, जे बदलावं तिथे लाल, जिथे भीती वाटते तिथे काळा. वरून फोटो काढा, माणसांचा नको, फक्त जमिनीचा. लिहिता-वाचता येण्याशी या खेळाचा संबंध नाही, हेच त्याचं बळ. दृष्टी नसलेल्यांसाठी रेघेवर सुतळी टाका आणि खुणांच्या जागी वाटी, दगड, लाकूड ठेवा. हाताने चाचपडून एका आजोबांनी आमच्याकडची रेघ कुठे वळायला हवी ते दाखवलं होतं.

चहा-बिस्किटं हवीतच. आणि जी दोन-तीन माणसं पूर्ण वेळ मदत करतात त्यांना दिवसाची मजुरी. तुमच्या आर्किटेक्टला मानधन आणि मावशींना नुसता नमस्कार, असं चालत नाही.

पायरी ६. आठवणी घेताना

पुण्यात पाण्याच्या आठवणी सुखाच्या नाहीत. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं आणि शहर वाहून निघालं. ते पाहिलेली माणसं आता सत्तरीच्या पुढे आहेत. २७ सप्टेंबर २०१८ ला हाच कालवा दांडेकर पुलाजवळ फुटला आणि भर सकाळी वस्तीत पाणी शिरलं. संसार गेले. आणि कारण काय, तर उंदीर, घुशी आणि खेकडे, असं मंत्र्यांनी सांगितलं. हा विषय निघाला की आजही कुणीतरी "खेकडे आले का हो?" म्हणतं आणि सगळे कडवट हसतात.

तेव्हा "पुराचा अनुभव सांगा" असं थेट विचारू नका. "कॅनॉलवर पहिल्यांदा कधी आलात?" इथून सुरू करा, सांगायचं असेल तर माणूस आपण होऊन पुराकडे येतो. नुकसानीचा आकडा विचारू नका, लोकांना तो पंचनाम्यासारखा वाटतो. रडू आलं तर रेकॉर्डर बंद करा. आवाज घ्यायचा तर परवानगी आधी आणि नंतर, दोनदा घ्या. बोलून झाल्यावर बऱ्याचदा माणूस म्हणतो, "ते जावयाचं काढून टाका." काढून टाका. नाव द्यायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं.

एक गोष्ट मात्र तुम्ही टाळू नका, ती म्हणजे जात. आपल्याकडे पाण्याचा वारसा म्हणजे अभियांत्रिकीचं कौतुक. कात्रजहून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून पाणी आणणारा नानासाहेब पेशव्यांचा नहर, त्याचे उच्छ्वास (हवा खेळायला ठेवलेली उभी तोंडं), पेठांतले हौद. कौतुक खरंच आहे. पण त्या हौदांवर हंडा कोण बुडवू शकत होतं? १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तोही याच शहरात, पेठांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. नहराची सहल काढणाऱ्यांनी तो हौद वाटेत घेतला नाही, तर वस्तीतली माणसं तुमच्या 'वारसा' शब्दाकडे संशयाने बघतील, आणि ते बरोबरच आहे. कॅनॉलच्या कामातही विचारा: पूर्वी वरच्या अंगाला कोण धुवायचं, खालच्या अंगाला कोण? हा प्रश्न म्हाताऱ्या बायकांना विचारावा, पुरुष गोलमाल उत्तर देतात.

पायरी ७. फेरी

इथपर्यंत आलात तर मग 'वॉक' काढा, त्याआधी नाही. वाट दाखवणारे वस्तीतलेच, दोघे-तिघे, पैसे घेऊन. तुम्ही मागे चाला. पाणी बंद असतानाचा दिवस निवडा आणि आदल्या दिवशी पुन्हा फोन करून खात्री करा. अंतर फार तर दीड किलोमीटर. मधे बसायला जागा आणि सुरुवातीला-शेवटी स्वच्छतागृह हवं. दोन्ही नसेल तर मार्ग बदला. सेवापथ चाकाच्या खुर्चीला जमत नसेल तर समांतर रस्त्यावरून एक जोडमार्ग ठेवा आणि तीन ठिकाणी सगळे एकत्र येतील असं करा. मुलांना कठड्यावर चढू देऊ नका. बुडून गेलेल्या पोरांची नावं वस्तीला आठवत असतात.

घरांच्या दारात डोकावून फोटो काढणारा एखादा निघतोच. नियम सुरुवातीलाच सांगा: कॅमेरा फक्त वाट दाखवणारी ताई म्हणेल तिथे.

पायरी ८. शेपटाकडे एक दिवस

वस्तीतल्या आणि सोसायटीतल्या मिळून पंधरा-वीस जणांना टेम्पो ट्रॅव्हलरने दौंड किंवा इंदापूरकडे न्या. पाटकऱ्याला, म्हणजे शेतांना पाळीने पाणी सोडणाऱ्या माणसाला भेटा, चारीला (शेताकडे जाणाऱ्या छोट्या पाटाला) पाणी कसं फिरतं ते बघा. आमच्या गाडीतल्या एका गोधडीवाल्या मावशीने शेतकऱ्याला तोंडावर विचारलं, "आमच्या साबणाचं पाणी तुमच्याकडं येतं का?" तो म्हणाला, "साबणाचं येऊ द्या ओ, पण येऊ द्या." दोन तासांच्या भाषणात हे झालं नसतं. जमलं तर पुढच्या बैठकीला त्याला पुण्यात बोलवा, प्रवासखर्च देऊन.

पायरी ९. कागद, मागणी आणि परतीचा हिशोब

जे जमलं ते एका पानावर आणा. काय राहावं, काय बदलावं, कशाची भीती, तिन्ही लोकांच्याच शब्दांत. माझ्या तुकड्यावर पहिल्या तीन मागण्या दिवे, कठडा आणि धुण्याची सोय या होत्या. 'माहितीफलक' अकराव्या क्रमांकावर. क्रम बदलू नका, मोह होतो. फलकासाठी देणगीदार मिळतो, कठड्यासाठी मिळत नाही.

दिवे आणि उतार यांसाठी क्षेत्रीय कार्यालयाकडे महापालिकेच्या सहभागी अंदाजपत्रकात अर्ज करता येतो; पुण्यात ही सोय २००६ पासून आहे. अर्जावर वस्तीतल्या माणसाचंच नाव असू द्या. भिंतीसाठी आणि कठड्यासाठी जलसंपदा. बोगद्यानंतर या पट्टीचं काय करणार, याचे नकाशे आणि पत्रव्यवहार माहितीच्या अधिकारात मागा. प्रश्न एकेरी आणि नेमका ठेवा, नाहीतर 'माहिती संकलित नाही' असं उत्तर येतं.

आणि दोन महिन्यांत त्याच चौकात परत जा. भिंतीवर एक कागद लावा, तीन रकाने: काय ऐकलं, काय केलं, काय जमलं नाही. तिसरा रकाना रिकामा असेल तर लोक उरलेले दोन वाचत नाहीत. आवाजांच्या फाइलींची एक प्रत पेनड्राइव्हवर वस्तीतल्या अंगणवाडीत किंवा बचत गटाकडे ठेवा, यादीसकट, आणि पावती त्यांची घेऊ नका, तुमची त्यांना द्या. आमची प्रत बचत गटाच्या पत्र्याच्या पेटीत आहे, पासबुकांच्या खाली. किल्ली ताईंकडे असते आणि मला काही ऐकायचं असलं की नळाची वेळ टाळून मागायला जावं लागतं.